नागपूरहून एका दिवसात डोंगर-दऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी रात्री साडेनऊला फोन वाजला की पलीकडून काय येणार ते मला ठाऊक असतं. "ताई, उद्या सकाळी निघू म्हणतो. कुठं जाऊ?" सकाळी म्हणजे किती वाजता, असं विचारलं की उत्तर येतं, "सात-साडेसात. नाश्ता करून." म्हणजे निम्मा दिवस घरातच संपला. आमचा पाच-सहा जणांचा कंपू बरीच वर्षं रविवारी नागपूरबाहेर पडतो, कधी पायी भटकायला, कधी नुसता घाट चढून चहा पिऊन परत. तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाची लिहून ठेवते.

नागपूरजवळ डोंगर आहेत कुठे?

हे पुण्याचे पाहुणे विचारतात आणि आपण निमूट मान डोलावतो. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर, चहूकडे सपाट, हे खरं. पण उत्तरेला तास-दीड तास गेलं की सातपुडा लागतो. तो सह्याद्रीसारखा एकदम अंगावर येत नाही. आधी टेकड्या, मग घाट, मग पठार, आणि पठाराच्या टोकाला पायाखालची जमीनच संपते. सह्याद्रीत मान वर करून बघायचं, इथे वर पोचून खाली बघायचं.

दगडाची आवड असेल तर आपल्याइतकी सोय कुणालाच नाही. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स म्हणजे दख्खनच्या काळ्या बेसाल्टची पूर्वेकडची कड. कामठीच्या बाजूला वाळूचा दगड लागतो, त्या थराला भूशास्त्रात कामठीचंच नाव आहे. पुढे मनसर-रामटेककडे त्याहून कितीतरी जुने, उष्णता आणि दाबाने रूप पालटलेले खडक, आणि त्यांतच मँगनीजच्या खाणी. पन्नास किलोमीटरांत खडकांच्या तीन पिढ्या!

पहिल्यांदाच चालायला जातोय. सुरुवात कुठून करू?

रामटेकपासून. पन्नासेक किलोमीटर. पण गाडीने थेट गडाच्या पार्किंगमध्ये जाऊ नका, तो दर्शनाचा रस्ता. अंबाळा तलावाशी गाडी लावा आणि तिथून जुन्या दगडी पायऱ्यांनी चढा. तलावाकाठची देवळं, मग झाडी, मग एकदम गडाचा दरवाजा. सकाळी सहाला निघालात तर वाटेत माणूस भेटत नाही, माकडं मात्र भेटतात. प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. मी एकदा चिरोंजीचा पुडा असाच गमावलाय, तोही देवदर्शनाच्या आधी.

वर राममंदिर तर सगळेच बघतात. खालच्या टप्प्यावर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन वाकाटककालीन देवळं आहेत, साधारण पाचव्या शतकातली. लोक त्यांच्या शेजारून सेल्फी घेत निघून जातात. आत जाऊन नरसिंहाची बसलेली भलीमोठी मूर्ती बघा. उतरल्यावर वेळ असेल तर नगरधनचा भुईकोट पाच-सात किलोमीटरवरच. वाकाटकांची नंदिवर्धन राजधानी ती हीच.

हे न दमता जमलं तरच पुढची उत्तरं वाचा. दम लागला तर अंबाझरी किंवा गोरेवाड्याकडे महिनाभर सकाळी चाला आणि मग वाचा.

नक्की किती वाजता निघायचं?

चारला. फार तर साडेचारला. यावर आमच्या घरातही भांडणं झालीत.

हिशेब सांगते. डिसेंबरात सूर्य पावणेसात-सातला उगवतो आणि साडेपाच-पावणेसहाला मावळतो. हातात अकरा तासांचाच उजेड. पाताळकोटच्या दरीजवळच्या तामियाला पोचायला चार तास, यायला चार. परतीचा घाट उजेडी उतरायचा असेल तर दुपारी साडेतीनला तिथून हलायलाच हवं. आता घरून साडेसातला निघून बघा, पोचाल साडेअकराला, ऐन उन्हात दरीच्या तोंडाशी. मे महिन्यात उजेड भरपूर, पण दहानंतर चालायची सोयच नाही. ऋतू कोणताही असो, पहाटेला पर्याय नाही. अंतर विचारणारे खूप भेटतात. मी आधी वेळ विचारते.

तर्री पोह्याच्या टपऱ्याही पहाटेच लागतात, ही काही कमी सोय नाही.

पाताळकोट एका दिवसात होतो का? खाली उतरता येतं का?

होतो. उतरताही येतं. पण हे उत्तर लांबणार आहे, कारण इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, आणि मीही चुकलेय.

रस्ता असा: कोराडी, सावनेर, सौंसर, रामाकोना, सिलेवानीचा घाट, छिंदवाडा. तिथवर सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. तिथून तामिया अजून पंचावन्न-साठ. तामियाच्या पुढे पठार चालू राहतं आणि मग एका ठिकाणी तुटतं. घोड्याच्या नालेसारखी दरी, बाराशे ते पंधराशे फूट खोल, सुमारे एकोणऐंशी चौरस किलोमीटरची. तळाशी आणि उतारांवर भारिया आणि गोंड लोकांची बारा गावं, मधून दुधी नदी. मेघनाद इथूनच पाताळात उतरला अशी कथा सांगतात. रातेडच्या बाजूला कड्यावरून बघायची जागा आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथे नुसतं अर्धा तास बसावं. सकाळी खाली धुकं असतं, ते वर यायला लागतं आणि मग एकेक घर दिसतं. कौलांतून धूर, अंगणात कोंबड्या, एखादी लाल साडी वाळत घातलेली. इतक्या वरून कोंबडा आरवलेला स्वच्छ ऐकू येतो.

आता चूक कुठे होते ते. डोंगर चढताना दमलं की माणूस परत फिरतो, उतार त्याला घरी आणून सोडतो. दरीत उलटं. उतरताना पाय हलके, गप्पा चालू, पाणी पिण्याची आठवण नाही. दमायची वेळ येते तेव्हा तुम्ही तळाशी असता, ऊन डोक्यावर असतं आणि सगळी चढण बाकी असते. त्यामुळे उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरायचा, आणि निम्म्याहून जास्त पाणी चढणीसाठी राखायचं.

आम्ही एका एप्रिलमध्ये अकराला उतरायला लागलो. चौघांत चार लिटर पाणी. खाली पोचेपर्यंत दीड उरलं. परतीच्या चढणीवर अर्ध्यात माझ्या पोटरीला असा गोळा आला की मी वाटेतच बसकण मारली. मागून एक बाई मोहफुलाची टोपली डोक्यावर घेऊन अनवाणी चढत होती. माझ्याकडे बघितलं, टोपली उतरवली, कमरेचा तुंबा माझ्या हातात दिला आणि शेजारी बसली. पाणी गार होतं, तुंब्याचा थोडा कडवट वास. मी दोन घोट घेऊन परत करायला लागले तर तिने मान हलवली, अजून पी. मग टोपली पुन्हा डोक्यावर ठेवून निघाली. आम्ही पाऊण तासाने वर पोचलो तेव्हा ती फुलं वाळत घालून दुसऱ्या खेपेला निघालेली.

तेव्हापासून माणशी चार लिटर. कमी नाही. आणि खालची गावं ही लोकांची घरं आहेत हे लक्षात ठेवा. न विचारता दारात उभं राहून फोटो काढणं, पोरांना चॉकलेट वाटत फिरणं, जडीबुटी उपटून आणणं, हे करायचं नाही. वाट दाखवायला गावातला माणूस घ्या आणि त्याची मजुरी नीट द्या.

पचमढी सकाळी जाऊन रात्री परत?

नाही. अडीचशे किलोमीटर, त्यात घाट. दोन रात्री काढा, नाहीतर जाऊ नका. धूपगड, तेराशे बावन्न मीटरचं सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर, संध्याकाळचं बघायचं असतं. तेव्हा तुम्ही परतीच्या रस्त्यावर असाल तर गेलात कशाला?

ट्रेकिंग हे विदर्भात नवीनच फॅड ना?

असं म्हणणाऱ्याला मी नागद्वारीला पाठवते. श्रावणाच्या सुमारास नागपंचमीच्या आधी दहाएक दिवस पचमढीजवळची ही वाट उघडते. एरवी तो सगळा व्याघ्र प्रकल्पाचा भाग, बंद. या दिवसांत नागपूर, अमरावती, वर्धा, कुठकुठून माणसं येतात. भर पावसात, चिखलात, निसरड्या दगडांवरून, लोखंडी शिड्या चढून पद्मशेषाच्या गुहेपर्यंत जातात. मैलोनमैल चाल. पायात बहुतेकांच्या प्लॅस्टिकच्या चपला, डोक्यावर पोत्याची खोळ, तोंडाने हर हर महादेव. वाटेत नागपूरच्याच मंडळांचे भंडारे लागतात, गरम पुरी-भाजी फुकट. महाशिवरात्रीला हीच माणसं खांद्यावर जड त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या हजारावर पायऱ्या चढतात. माझी आजी तीनदा गेली होती. तिने ट्रेक हा शब्द ऐकलाही नव्हता.

जायचं असेल तर गर्दीची तयारी ठेवा. फोन लागत नाही, मुलांच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवा. आणि शिडीवर ढकलाढकली करणाऱ्याला मागे उभं करा, मग तो कितीही मोठा भक्त असो.

चिखलदरा एका दिवसात?

सव्वादोनशे किलोमीटर एका बाजूने, अमरावती-परतवाड्यावरून. होतं, पण अर्धा दिवस स्टिअरिंगवर. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तर अजिबात नको. परतवाड्यापासूनच्या घाटात गाड्यांची रांग लागते आणि धबधब्याऐवजी पुढच्या गाडीची नंबरप्लेट बघत बसावं लागतं. मधल्या वारी जा, नाहीतर नोव्हेंबरात.

पॉइंट बघत फिरण्यापेक्षा गाविलगड चाला. गवळ्यांचा म्हणून गाविलगड, पंधराव्या शतकात बहमनी सुलतानाने पक्का बांधला. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने तो घेतला आणि दोनच दिवसांत नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. वऱ्हाड गेलं ते तेव्हा. म्हणजे आपल्या शहराच्या इतिहासाचं एक पान या तटबंदीत अडकलंय. किल्ला अवाढव्य आहे, आत तलाव, मशीद, तोफा, आणि दुपारभर सावलीसाठी वणवण. तीन-चार तास काढा. परतताना कॉफी घ्या. अकराशे मीटर उंचीवर तिथे कॉफी पिकते, विदर्भात दुसरीकडे कुठे नाही.

गर्दी नसलेला एखादा किल्ला?

दोन सांगते. पहिला देवगड, मध्य प्रदेशात मोहखेडच्या बाजूला. गोंड राजांची राजधानी. इथल्या बख्त बुलंद शाहने १७०२ मध्ये नागपूर वसवलं. ज्याने आपलं गाव वसवलं त्याचं घर बघायला किती नागपूरकर जातात? आम्ही गेलो तेव्हा गडावर आम्ही, दोन गुराखी आणि त्यांच्या बकऱ्या. नगारखाना, बादल महाल, मोती टाकं. टाक्यातलं पाणी इतकं नितळ की तळाचा दगड मोजता यावा. चढ सोपा, तासाभराचा.

दुसरा अंबागड, तुमसरजवळ. शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. झाडीतला छोटा किल्ला, भोसल्यांनी कैदखाना म्हणून वापरलेला. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात जा, पण फुलपँट घालून. कुसळी गवत तेव्हा पिकलेलं असतं. एक कुसळ मोज्यात शिरलं की प्रत्येक पावलाला आत सरकतं, उलटं निघत नाही. मी एक मोजा सरळ तिथेच टाकून देणार होते, मग घरी आणून चिमट्याने तासभर उपसत बसले.

चालायचं नाही, नुसती गाडी चालवायचीय. कुठला रस्ता चांगला?

माझा आवडता सावनेर-सौंसर-सिलेवानी. सावनेर सोडलं की दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची तोड चालू असते, रस्त्याकडेला पिवळे ढीग, मोजणाऱ्या बाया, ट्रकमध्ये रचलेली फळं. खिडकी खाली केली की गाडीभर वास. सौंसरजवळ जामसावळीला निजलेला हनुमान आहे, आमच्याकडचे म्हातारे तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. मग घाट सुरू, साग आणि मोह, आणि पावसाळ्यात वळणावळणावर भाजलेलं मक्याचं कणीस. छिंदवाड्याच्या मक्याला तोड नाही, लिंबू-मीठ चोळताना तिखट जरा हात राखून लावायला सांगा.

फक्त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याकडून जाऊ नका. त्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते, पांढुर्णा आणि सावरगावची माणसं समोरासमोर दगड मारतात आणि बंदोबस्तात रस्ते अडतात.

दुसरा रस्ता जबलपूरचा, राष्ट्रीय महामार्ग ४४. मनसरच्या पुढे पेंचच्या जंगलातून जातो. तिथे प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ता ठिकठिकाणी उचलून धरलाय, सर्वांत लांब पूल साडेसातशे मीटरचा. खालून वाघ, रानकुत्री, गवे जातात, कॅमेऱ्यांत त्यांचे फोटो येतात. तुम्ही वरून जाताना काही म्हणता काही दिसत नाही, दोन्हीकडे उंच आडोसे आहेत. म्हणून तिथे गाडी थांबवून डोकावू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, पळस फुललेला असतो, पान एकही नाही, नुसता जाळ.

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नाही. जळक्या ब्रेकचा वास आला तर गाडी कडेला घेऊन अर्धा तास थांबा, पाणी ओतू नका. भाड्याची गाडी असेल तर मध्य प्रदेशाचा परमिट आणि कर आधी भरलाय का ते विचारून घ्या, नाकाबंदीवर विचारलं जाईल.

समृद्धीवरून लोणार?

मस्त होतं. मेहकरला उतरायचं, तिथून वीस-पंचवीस किलोमीटर. उल्का आदळून झालेलं, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचं विवर, बेसाल्टमध्ये असं जगात विरळाच. २०२० साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं आणि सगळ्यांना अचानक लोणार आठवलं. इथेही दरीचाच नियम, आधी उतार, मग चढ.

समृद्धीवर मोटारसायकलला बंदी आहे. आणि उन्हाळ्यात टायर तपासल्याशिवाय त्या रस्त्यावर चढू नका. हवा घरून निघताना, टायर थंड असताना बघायची. सिमेंटचा सरळ रस्ता, ना वळण ना गाव, डोळे उघडे ठेवून माणूस झोपतो. तासाभराने कुणीतरी बोलतं ठेवा, आमच्यात हे काम नणंदबाईंकडे आहे आणि त्या कधीच कमी पडत नाहीत.

उन्हाळ्यात अजिबातच जायचं नाही का?

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश होतं. मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून पहिल्या पावसापर्यंत मोठी चाल बंद ठेवते. फार हौस असेल तर पहाटे पाच ते आठ, जवळची टेकडी, डोक्याला दुपट्टा पाण्यात भिजवून. नुसतं पाणी ढोसू नका, मीठही जातं. ताक, पन्हं, लिंबू-मीठ-साखर काहीही चालेल. घाम यायचा थांबला, बोलणं असंबद्ध झालं, तर तो थकवा नाही, उष्माघात आहे. सावली, ओलं कापड, वारा आणि थेट दवाखाना.

वाघ आला तर?

प्रत्येक वेळी हाच प्रश्न. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात पायी फिरायला परवानगीच नाही, आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा पर्यटनाला बंदच असतो. बाहेरच्या जंगलातही वाघ आहेत, पण वाघ तुमच्या आधी तुम्हाला ओळखतो आणि बाजूला होतो. मला भीती तीन गोष्टींची वाटते.

एक, अस्वल. मोहफुलाच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे मोहाखाली अस्वल असतं. ते आपल्याला बघून पळत नाही, दचकून अंगावर येतं. मोठ्याने बोलत चला.

दोन, आग्या माश्या. कड्यांवर आणि किल्ल्यांच्या कमानींत पोळी असतात. अत्तर लावून जाणारे, सिगारेट ओढणारे, पोरं दगड मारणारी, या तिघांपासून लांब राहा. उठल्याच तर झटकत उभं राहू नका, डोकं झाकून पळा.

तीन, दिसतही नाही असा किडा. पावसाळ्यानंतर गवतात बसल्या-लोळल्यावर चिगर माइट चावतात आणि त्यातून स्क्रब टायफस होतो. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपुरात याचे बरेच रुग्ण निघाले होते. गवतात लोळून फोटो काढू नका, घरी आल्या आल्या आंघोळ, कपडे गरम पाण्यात. आठवडा-पंधरवड्यात ताप आला आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की जंगलात गेलो होतो. नाहीतर डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्यांतच दिवस जातात.

डब्यात काय न्यायचं?

न वितळणारं, न आंबणारं. दशम्या, तिळाची चटणी, कांदा, संत्री. थंडीत सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची. सकाळी तळलेली दुपारपर्यंत उत्तम राहते. रोडगे आणि वांग्याची भाजी करायची असेल तर शेतावर करा, जंगलात गोवऱ्या पेटवू नका. वाळलेला सागाचा पाला कसा पेटतो ते ज्याने बघितलंय तो काडेपेटीही घरी ठेवतो.

आई-बाबा सत्तरीचे आहेत, त्यांना कुठे नेऊ?

अदासा. चाळीसेक किलोमीटर, गणपतीच्या देवळापर्यंत गाडी जाते. तुम्ही मागची टेकडी चढून या, ते पारावर बसतील. नाहीतर गिरड, टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा. तिथल्या मातीत सुपारी-जायफळासारखे गोल दगड सापडतात. बाबांच्या कोपाने व्यापाऱ्याच्या मालाचे दगड झाले अशी गोष्ट सांगतात. नातवंडं आजोबांसोबत तासभर दगड वेचत बसतात, कुणालाच कंटाळा येत नाही.

आम्ही फक्त बायका आहोत. चालेल ना?

चालेल, आम्ही जातोच. पेट्रोल पंप आणि मोठ्या देवस्थानांपाशी स्वच्छतागृह गाठून घ्या, पुढे भरवसा नाही. कुठे जातोय, कधी परतणार हे घरी एका माणसाला लिहून द्या. परतीच्या वेळेत दोन तासांची ढील द्या, त्यानंतर त्याने हातपाय हलवायचे. नकाशा फोनमध्ये आधी उतरवून घ्या, तामियाच्या पुढे नेटवर्क येतं-जातं. सगळ्यात त्रास देतात ती वाटेत भेटणारी "मॅडम, एकट्याच?" विचारणारी मंडळी. त्यांना "नाही, मागून बाकीचे येतात" एवढंच सांगावं, मग खरं असो की नसो.

तलावात, धबधब्याखाली उतरलं तर?

नाही.

पेंचच्या पात्रातले खडक, झिल्पीसारखे तलाव, खाणींचे खड्डे, सगळीकडे दर पावसाळ्यात कुणाचं ना कुणाचं पोर जातं. वर ऊन असलं तरी वरच्या बाजूला पाऊस पडून लोंढा येतो.

मुलगी ॲरिझोनात आहे, उन्हाळ्यात जातोय. नागपूरच्या उन्हाची सवय तिकडच्या वाळवंटी दऱ्यांत कामी येईल का?

हा प्रश्न हल्ली दर मे महिन्यात येतो. थोडी येईल, पण तिच्यावर विसंबू नका. ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ सुमारे एकवीसशे मीटरवर आहे, पचमढीपेक्षा बराच उंच. तिथे गार वारा लागतो, माणूस खुशीत उतरायला लागतो. दरी साधारण दीड किलोमीटर खोल आणि तळाला वरच्यापेक्षा दहा-बारा अंश जास्त गरम. उन्हाळ्यात तळाशी आपला मे महिना. पाताळकोटाच्या तीन-चार पट खोल, चूक मात्र तीच. तिथले वनरक्षक उन्हाळ्यात दहा ते चार चालू नका आणि एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, असं बजावतात. ते ऐका. ब्राइट एंजलच्या वाटेने तासभर उतरा, फोटो काढा, परत फिरा.

अरुंद कपारींच्या दऱ्यांत पुराचं भय. १२ ऑगस्ट १९९७ ला अँटिलोप कॅनियनमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले. पाऊस दरीवर नव्हे, कित्येक मैल दूर पडला होता. तिकडेही जुलै ते सप्टेंबर वादळी पाऊस असतो.

गुडघे दुखत असतील तर गाडीने बघा. मॉन्युमेंट व्हॅलीतला सतरा मैलांचा मातीचा रस्ता गाडीतूनच फिरायचा आहे. पेट्रोल अर्धं झालं की भरा, तिथे पुढचा पंप सावनेरइतका जवळ नसतो.

रविवारी तुमच्यासोबत आलं तर चालेल?

गाडीत जागा असली तर चालेल. पावणेचारला मानकापूर चौकात उभं राहायचं, पाणी आपलं आपण आणायचं. चार वाजून पाच मिनिटांनी आम्ही निघतो. एकदा माझा नवराच राहिला होता, तो सावनेरला एसटीने येऊन भेटला.